काकांची लेन्स कोरडी होती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. काकांच्या लेन्समध्ये मला कधीच बुरशी दिसली नाही. दिसते, असं मी सांगत राहिलो. माझ्या त्या सांगण्यावर एका माणसाची मोरी खणली गेली आणि दुसऱ्याचा डोळा गेला. मोरी पुन्हा बांधता आली.

काका म्हणजे माझे घरमालक. ऐंशीच्या दशकातलं नाहूर. स्टेशनवरून चालत गेलं की एक दुमजली इमारत होती, तिच्या पूर्वेच्या खिडक्यांतून मिठागरं दिसायची. पांढरे ढीग, मधे साचलेलं पाणी, आणि त्यावरून येणारं चिकट, खारट वारं. पहिल्या मजल्यावर काका-काकूंच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत मी पेइंग गेस्ट. घाटकोपरला एका ऑफिसात नुकताच चिकटलो होतो आणि जागेसाठी वणवण करत होतो. मी खोली बघायला गेलो तेव्हा काकांनी पगार विचारला नाही, गाव विचारलं नाही, लग्नाचं विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "झोपेत तोंड उघडं राहतं का तुझं?"

मी नाही म्हणालो. खरंखोटं मला तरी कुठे ठाऊक होतं. पण जागा मिळाली.

प्रश्नाचा अर्थ त्याच दिवशी कळला. बाहेरच्या खोलीत, माझ्या कॉटच्या डोक्याशी, एक लाकडी कपाट होतं. त्यात चोवीस तास झिरोचा बल्ब जळायचा आणि बल्बच्या खाली, पितळी डब्यात, लेन्स होती. जर्मन लेन्स. काका एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले. कधीकाळी त्यांनी ती परदेशी निघालेल्या एका फोटोग्राफरकडून घेतली होती. त्याआधीची त्यांची लेन्स कातडी केसमध्ये ठेवल्यामुळे गेली होती. "गुदमरून गेली" असं ते म्हणायचे, आणि सांगताना आवाज खाली घ्यायचे. कातडं ओल धरतं, ओलीत बुरशी धरते, आणि बुरशी काचेवर कोळ्यासारखं जाळं विणते. एकदा विणलं की काचच खाते. हे सगळं खरंच आहे, मी नंतर चार लोकांना विचारलं. काकांचं ज्ञान चुकीचं नव्हतं. फक्त ते ज्ञान जिथे थांबायला हवं, तिथे काका थांबत नसत.

झोपेत माणसाच्या तोंडातून वाफ येते, म्हणून मी कपाटाकडे पाय करून झोपायचं. कपाटासमोर हसायचं नाही. हसू आलंच तर गॅलरीत जायचं. काकू एकदा रेडिओवरचं काहीतरी ऐकून हसायला लागल्या, तर काकांनी त्यांना दंडाला धरून गॅलरीत नेलं आणि पुरतं हसून झाल्यावर आत आणलं. लाइट गेली की बल्ब विझायचा. मग काका लेन्स काढून गंजीफ्रॉकच्या आत, पोटाशी धरून बसायचे. पंखा बंद, उकाडा मरणाचा, घामाच्या धारा. मी एकदा धीर करून म्हटलं, काका, घामाचीसुद्धा ओल असेल ना. त्यांनी विचार केला. मग गंजीवर लोकरीचा मफलर गुंडाळून लेन्स त्यावर धरली. जास्तच घाम आला.

फोटो ते काढत नसतच म्हणा ना. कॅमेरा बाहेर काढायचा म्हणजे लेन्सला हवा लागणार. मार्गशीर्षात, कोरडी थंडी पडली तर, एखाद्या दुपारी गॅलरीत उभे राहून मिठागरांचा एक फोटो काढायचे. तोच. दर वर्षी. मी विचारलं तर म्हणाले, "फोटो काय, कुणीही काढील. लेन्स टिकवून दाखवा म्हणावं." आणि दुसरं त्यांचं आवडतं वाक्य होतं, "पाणी काही करत नाही रे, पाण्यात पडलेली वस्तू माणूस पुसतो. ओल मारते. ती कोण पुसतं?"

त्यांच्या ओळखीच्या कुणा प्रयोगशाळेतल्या माणसाने त्यांना ओल शोषणारे निळे दाणे आणून दिले होते. ते लेन्सच्या डब्यात असायचे. ओल प्यायली की दाणे गुलाबी होत, मग काका ते काकूंच्या कढईत भाजून पुन्हा निळे करायचे. पावसाळ्यात रोज सकाळी आमच्याकडे आधी दाणे भाजले जायचे, मग पोहे. सगळी इमारत त्याला निळा साबुदाणा म्हणायची. पण चेष्टा करणाऱ्या त्याच बायका जिन्यात काकांना गाठून विचारायच्या, आज निळा की गुलाबी? निळा असेल तर गोधड्या धुवायच्या, गुलाबी असेल तर राहू दे. काका डॉक्टरसारखे क्षणभर थांबून सांगायचे. रेडिओवरच्या हवामानापेक्षा ते जास्त वेळा बरोबर निघायचं.

गणपतीत मोठी पंचाईत. घरात दीड दिवसाचा गणपती, उकडीचे मोदक, म्हणजे वाफच वाफ. वर आरतीला जमलेली पंचवीस-तीस तोंडं. तेवढ्यापुरती लेन्स वरच्या मजल्यावर भाऊंकडे मुक्कामाला जायची. भाऊ गिरणीतले, मालवणकडचे, काकांचे जुने दोस्त. काका पुढे डबा घेऊन, मागे मी जळत्या बल्बची वायर सांभाळत, असे आम्ही जिना चढायचो. भाऊ दारात हात जोडून उभे राहायचे आणि म्हणायचे, "येवा, पावण्यानु." ते चेष्टेत म्हणायचे, पण पाट मांडलेला असायचा. हे सांगतो कारण पुढे ह्याच दोघांची तोंडं फिरली, आणि ती फिरवणारा मी.

दर रविवारी सकाळी तपासणी. काका खोली अंधारी करायचे, एकच बल्ब लावायचे आणि लेन्स त्यासमोर धरून डोळ्याला लावायचे. मी राहायला गेल्यानंतर तिसऱ्या वर्षी, पावसाळा सुरू झाल्यावर, एका रविवारी बघता बघता त्यांनी लेन्स पुसली, पुन्हा डोळ्याला लावली. मग मला बोलावलं.

"दिसतंय?"

"काय, काका?"

"कडं. धुरकट. दिव्याभोवती रंगीत कडं, आणि आतून जाळी."

मी बघितलं. बल्ब दिसला. काच इतकी स्वच्छ की आत काच आहे हेच कळत नव्हतं. नाही म्हटलं, तर म्हणाले, नीट बघ. पुन्हा बघितलं. श्वास धरून बघ. धरला. पलीकडे माझा चहा गार होत होता. शेवटी मी म्हटलं, हां, कडेला काहीतरी आहे खरं. काका एवढे शांत झाले की मला बरंच वाटलं.

माझ्या एकट्याचं नाही, सगळ्यांचंच असं झालं. दूधवाल्याने बघितलं, सिलिंडरवाल्याने खांद्यावरचा सिलिंडर खाली ठेवून बघितलं. पोस्टमनने हो म्हटल्याशिवाय तर काका पत्रच घेईनात. इमारतीतली सगळी माणसं हो म्हणाली. फक्त भाऊ म्हणाले, "माका कायच दिसणा नाय." काकांनी त्यांना चार वेळा बघायला लावलं. चारही वेळा तेच.

मग काका म्हणाले, तुला कसं दिसेल, ओल तुझ्याच मोरीतून येतेय.

भिंतीला ओल होती, हे खरं. नाहूरला पावसाळ्यात कुणाच्या भिंतीला नव्हती? पण काकांनी ती भाऊंच्या मोरीवर बसवली आणि सोसायटीत अर्ज दिला. गच्चीच्या जिन्याखाली सतरंजी टाकून मीटिंग भरली. भाऊंचं म्हणणं, माझी मोरी कोरडी आहे, हवी तर चाटून बघा. काकांचं म्हणणं, लेन्समधली बुरशी वाढते आहे. सेक्रेटरी वैतागून म्हणाले की ह्या पेइंग गेस्टचं कुणाशी नातं नाही, गोतं नाही, कपाटाशेजारी झोपतो, त्यालाच विचारू.

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. "झिला, खरां सांग. तुका दिसता? हो माझ्या आंघोळीचो प्रश्न आसा."

लोक हसले. काका हसले नाहीत. ते माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मी न्यायाधीश आहे. मी म्हणालो, "दिसते. मागच्या रविवारपेक्षा जास्त."

हे 'जास्त' माझ्याकडे कुणी मागितलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं.

श्रावणात भाऊंची मोरी खणली. खाली काहीही निघालं नाही, नळ धड होता. तरी खणलंच आहे म्हणून नवा कोबा, नव्या लाद्या, आणि कामाला गवंडी मिळेपर्यंत भाऊंचं कुटुंब आळीपाळीने शेजाऱ्यांकडे आंघोळीला. भाऊ टॉवेल-बादली घेऊन आमच्या दारावरून जायचे आणि न थांबता म्हणायचे, "बुरशी काय म्हणता?" त्या वर्षी गणपतीत लेन्स वर गेली नाही. काकांनी ती दीड दिवस माझ्या ऑफिसच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला लावली.

आता जे सांगतो ते खरं अवघड. मला कळलं होतं. भाद्रपदातली एक संध्याकाळ. मी आणि काका जिना चढत होतो, काकांच्या हातात भाजी, लेन्स वर कपाटात. जिन्यात उघडा बल्ब होता. काका थांबले आणि त्या बल्बकडे बोट दाखवून म्हणाले, "बघ, इथेपण कडं. इंद्रधनुष्यासारखं. म्हणजे हवेतच शिरली आता." मग कपाळ दाबत म्हणाले, डोकं फार दुखतं रे हल्ली, सुंठ लावतो रोज.

बल्ब साधा होता. त्याला कडं नव्हतं. मी काही डॉक्टर नव्हतो, पण लेन्स वर असताना खाली कडं दिसतंय, ह्यातलं गणित कुणालाही जमेल. मी म्हणालो, हो काका, आज हवा जरा दमटच आहे.

ऑक्टोबरचं ऊन पडलं, दाणे सलग निळे राहायला लागले, तेव्हा काकांनी ठरवलं की लेन्स उघडायची. आजवर त्यांनी ती कुणा दुरुस्तीवाल्याला दाखवली नव्हती. "उघडली की संपली" हे त्यांचंच वाक्य. पण आता जाळं आतून होतं, त्यांच्या मते, आणि लेन्सने पुढचा पावसाळा काढला नसता. हत्यार म्हणजे ड्रॉइंग ऑफिसातलं जुनं कर्कटक, दोन्ही टोकं घासून केलेलं. त्या दुपारी इमारतीत कुणी नळ सोडायचा नाही, कुकर लावायचा नाही, असं काकूंनी घरोघर जाऊन विनवलं होतं. आश्चर्य म्हणजे लोकांनी ऐकलं. भाऊंनी तेवढा निरोप पाठवला की माझ्या मोरीत आता पाणी सोडायचीच भीती वाटते, काळजी नसावी.

काकांनी तोंडाला पंचा बांधला, मलाही बांधायला लावला. मी बॅटरी धरून, मान बाजूला वळवून श्वास घेत होतो. त्यांनी कर्कटकाने कडी फिरवली. मी ड्रॉइंग ऑफिसातला तो हात पहिल्यांदाच कामात बघितला. एक एक काच काढून जुन्या धोतराच्या फडक्यावर ठेवली, पुसली, उजेडात बघितली, पुन्हा पुसली. मला वाटलं, आता तरी ते स्वतःच म्हणतील की इथे काहीच नव्हतं. सगळं परत बसवलं आणि माझ्या हातात दिलं.

मी बघितलं. लेन्समध्ये मला आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी दिसलं. आतल्या काचेवर काकांच्या अंगठ्याचा ठसा होता.

"गेली?"

"गेली, काका."

त्यांनी लेन्स डोळ्याला लावली. बराच वेळ लावली. मग खाली घेतली आणि लहान आवाजात म्हणाले, "मग मला अजून का दिसते रे?"

त्या वेळी नुसतं गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. ते एकटेच त्या विचाराशी बसले असते, आणि माणूस हुशार होता, पोचला असता. पण मला त्यांचा तो चेहरा बघवेना. मी म्हटलं, "कडेला थोडी राहिली आहे."

"तेच म्हणतो मी," असं म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला. म्हणजे नजर चुकत नव्हती त्यांची. केवढा आनंद झाला त्यांना.

काकू दारातून हे बघत होत्या. संध्याकाळी मी गॅलरीत वाळलेले कपडे काढत होतो, तिथे त्या आल्या. काकू कमी बोलायच्या. माझ्या हातातला शर्ट घेऊन घडी घालत म्हणाल्या, "एक विचारते. तुला त्यात खरंच दिसतं का रे?"

मी दोरीवरचे चिमटे काढत राहिलो.

"मला वाटतं, ह्यांचे डोळेच दाखवायला हवेत. ते ऐकायचे नाहीत. पण तू नाही म्हणालास ना, तर उद्या मी ओढत नेईन त्यांना. तू तरुण आहेस, तुझी नजर चांगली. तुला दिसत असेल तर मग माझंच काहीतरी चुकतंय."

खालून जिन्यावर भाऊंचा आवाज येत होता. कुणाला तरी नव्या लाद्या बघायला वर घेऊन येत होते, आणि लाद्यांचं कौतुक करता करता काकांच्या आणि माझ्या नावाने बोटं मोडत होते. मी नाही म्हटलं असतं, तर ते मीटिंगमधल्या 'जास्त'पर्यंत मागे गेलं असतं. भाऊंनी माझी काय गत केली असती ते सोडा, काकांनी माझ्याकडे कसं बघितलं असतं, त्याची मला जास्त भीती होती.

"दिसतं, काकू," मी म्हणालो. "थोडंच आहे. पण आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. शर्टाची घडी माझ्या हातात ठेवली आणि आत गेल्या.

संक्रांतीला भाऊ स्वतःहून खाली आले. सणाचा दिवस, झालं गेलं विसरू म्हणाले. काकाही विरघळले. वाटीतून तिळाचा लाडू उचलला, गोड बोला म्हणाले, आणि भाऊंच्या पसरलेल्या हाताच्या वीतभर बाजूला, हवेत, सोडून दिला. लाडू फरशीवर पडून कॉटखाली गेला.

भाऊ आधी लाडवाकडे बघत राहिले, मग काकांकडे. "तिळगूळ पण माका जमिनीर टाकून देतंस?" म्हणाले, आणि मग जे भांडण झालं ते मोरीच्या भांडणापेक्षा मोठं झालं. दोघंही एकमेकांच्या सात पिढ्या काढत होते, आणि काका बोलत होते ते भाऊंकडे तोंड करून नव्हे, भाऊंच्या जरा डावीकडे, कॅलेंडरकडे बघून. काकू मधे पडल्या नाहीत. त्या काकांच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यासमोर हात हलवला. काकांनी भांडण थांबवलं नाही. त्यांना हात दिसलाच नाही.

काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. उजवा डोळा गेलेला, डावा अर्धामुर्धा, तो वाचवू. मी काकांना धरून नेलं होतं, म्हणून तिथेच उभा होतो. डॉक्टरांनी विचारलं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायची का? डोकं दुखायचं का? काकू म्हणाल्या, दिसायची, पण ती लेन्समध्ये होती. मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यालासुद्धा दिसायची."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत होतो. खालची ओळसुद्धा मला स्पष्ट दिसत होती. डॉक्टर काकूंना म्हणाले, दिवाळीच्या आधी आणलं असतंत तर उजवा बराचसा राहिला असता.

काकांनी मात्र ह्यातून वेगळाच अर्थ काढला. त्यांच्या मते लेन्समधली बुरशी डोळ्यात शिरली होती. इतके रविवार डोळा लावून बसल्यावर दुसरं काय होणार? ही जात संसर्गाची, ते पहिल्यापासून सांगत होते. डॉक्टरांनी परोपरीने समजावलं, काका मोठ्या मनाने ऐकून घ्यायचे. घरी आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर लेन्स खड्याच्या मिठात पुरली. काकूंची लोणच्याची चिनीमातीची बरणी, खाली मीठ, मधे लेन्स, वर मीठ, तोंडाला फडकं. मिठात काही वाढत नाही म्हणे. भाऊंना जिन्यात कळलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, "लेन्सचां लोणचां घातल्यान."

आणि मग काकांना माझी काळजी लागली. मीही बघितलं होतं ना त्यातून, मलाही दिसली होती. रोज सकाळी मला खिडकीत उभं करून, स्वतःचा उरलेला अर्धा डोळा माझ्या डोळ्याशी आणून, ते तपासायचे. मी टाळत राहिलो, तर एका शनिवारी तयार होऊन बसले. मी चुकवीन म्हणून माझा दंड घट्ट धरला आणि मला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेले. म्हणजे रस्ता मी बघत होतो, ते फक्त नेत होते. डॉक्टरांनी थेंब घातले, दिवा मारला, आणि म्हणाले, ह्याचे डोळे उत्तम आहेत, काही झालेलं नाही.

काका खुर्चीतच बसले आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दोन्ही डोळ्यांतून. परतताना त्यांनी पेढे घेतले आणि सगळ्या इमारतीत वाटले. "ह्याचे वाचले," दार उघडेल त्याला सांगत होते, "ह्याचे वाचले." मी मागे बॉक्स धरून. वरच्या मजल्यावर भाऊंनी पेढा घेतला, काकांना आत नेऊन बसवलं, त्यांच्या हातात पाण्याचा पेला नीट धरवून दिला. मग बाहेर येऊन माझ्याकडे बघत राहिले. बॉक्समधला एक पेढा उचलून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "तू एक जास्त खा."

मी खाल्ला.

पुढे लग्न झालं, मी बोरिवलीला जागा घेतली. काका डाव्या डोळ्यावर बरीच वर्षं काढून गेले, भाऊही गेले. दोघं शेवटपर्यंत संध्याकाळी गॅलरीत शेजारी बसायचे म्हणतात, भाऊ मिठागरांवर काय चाललंय ते सांगायचे आणि काका ते चूक आहे म्हणायचे. काकू आता दहिसरला मुलीकडे असतात. मी वर्षा-सहा महिन्यांनी जातो. दर वेळी त्या विचारतात, डोळे दाखवलेस का रे? दाखवले, असं मी सांगतो, आणि ते खरं असतं.

मागच्या खेपेला चहा देताना आपणहून म्हणाल्या की, त्या वेळी ह्यांच्या डोळ्यांवर मी शंका घेतली ह्याचं मला वाईट वाटायचं, ह्यांचं म्हणणंच खरं, लेन्स खरंच खराब होती, तिच्यातलीच बुरशी डोळ्यात शिरली, तू होतास म्हणून मला कळलं, नाहीतर मी उगाच त्यांना त्रास दिला असता. मी चहा पीत होतो. मुलीने बिस्किटं पुढे केली, ती घेतली.

काकू आता फार थकल्या आहेत. त्यांनी गॅलरीत मला जे विचारलं होतं, त्याचं खरं उत्तर मी त्यांना अजून दिलेलं नाही. ते माझ्याकडे देणं राहिलं आहे.